एका नावाचा शब्द झाला

इंग्रजी भाषेतील 'बॉयकॉट' हा शब्द मराठी वाचकांना चांगलाच परिचित आहे. वर्तमानपत्रांत तो वारंवार आढळतो, सभांतून तो ऐकू येतो. नुकतेच इंग्रजी शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला हा शब्द फोडून पाहण्याचा मोह होतो. 'बॉय' म्हणजे मुलगा आणि 'कॉट' म्हणजे खाट. मग 'बॉयकॉट' म्हणजे मुलाची खाट असावी काय? पण कोशात अर्थ दिलेला असतो तो अगदी निराळा : 'एखाद्या व्यक्तीशी, संस्थेशी अथवा मालाशी असलेला व्यवहार अनेकांनी मिळून व ठरवून बंद करणे, बहिष्कार घालणे.' मुलगा आणि खाट यांचा ह्या अर्थाशी काहीएक संबंध नाही. शब्दाच्या नुसत्या ध्वनीवरून त्याचे मूळ शोधू गेले म्हणजे कशी फसगत होते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

काही शब्द धातूंपासून बनतात, काही परभाषांतून येतात, तर काही माणसांच्या नावांपासून जन्म घेतात. विजेच्या मोजमापातील 'व्होल्ट', 'वॅट' आणि 'अँपिअर' हे शब्द व्होल्टा, वॅट व अँपिअर ह्या शास्त्रज्ञांच्या नावांवरून आलेले आहेत. 'डीझेल' हे रूडोल्फ डीझेल ह्या जर्मन अभियंत्याचे नाव. ह्या थोर पुरुषांच्या गौरवार्थ त्यांची नावे भाषेत राहिली. 'बॉयकॉट' हेही एका माणसाचेच आडनाव आहे. परंतु ते गौरवार्थ राहिलेले नाही. ते कसे राहिले, हे समजण्यासाठी आयर्लंड ह्या देशाच्या इतिहासाकडे वळले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात आयर्लंड इंग्लंडच्या सत्तेखाली होता. शेती करीत ते आयरिश शेतकरी. परंतु जमिनीची मालकी बहुतांशी मोठमोठ्या जमीनदारांकडे होती. पुष्कळसे जमीनदार आपल्या जमिनीवर राहतही नसत. त्यांच्या वतीने खंड वसूल करण्यासाठी कारभारी नेमलेले असत. कुळाने खंड थकवला की कारभारी न्यायालयातून नोटीस काढी, आणि त्या कुटुंबाला घरादारासह जमिनीवरून हुसकून लावी. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवर कुळाचा हक्क असा काही नव्हताच.

१८४५ पासून पुढील काही वर्षे त्या देशात बटाट्याच्या पिकावर करपा रोग पडला. गरिबांचे मुख्य अन्न बटाटाच होता. पीक शेतातल्या शेतात कुजून गेले आणि भयंकर दुष्काळ ओढवला. सुमारे दहा लक्ष माणसे भुकेने व रोगराईने मेली. जवळजवळ तितकीच माणसे देश सोडून अमेरिकेकडे व इतरत्र निघून गेली. ह्या आपत्तीची आठवण लोकांच्या मनांत ताजी असतानाच १८७९ साली पुन्हा पीक बुडाले. आता खंड द्यावा कोठून, हा प्रश्न प्रत्येक झोपडीत उभा राहिला. त्याच वर्षी मेयो परगण्यात 'लँड लीग' ह्या संघटनेची स्थापना झाली. मायकेल डॅव्हिट हे तिचे एक प्रवर्तक होते आणि चार्ल्स स्ट्यूअर्ट पार्नेल हे तिचे अध्यक्ष. खंड वाजवी असावा, खंड देणाऱ्या कुळास कोणी जमिनीवरून काढू नये, ह्या तिच्या प्रमुख मागण्या होत्या.

पार्नेल हे स्वतः जमीनदार होते. तरीही त्यांनी कुळांचा पक्ष घेतला. १९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस ह्या गावी त्यांची मोठी सभा झाली. शेजाऱ्याला हुसकून लावलेली जमीन जो शेतकरी लोभाने स्वतः घेतो, त्याचे काय करावे, असा प्रश्न त्यांनी श्रोत्यांस विचारला. संतप्त लोकांतून 'त्याला ठार मारा!' असे आवाज उठले. पार्नेल यांनी त्यांना शांत केले आणि सांगितले, की याहून चांगला, अधिक दयेचा मार्ग आहे. त्यात चुकलेल्या माणसाला पश्चात्तापाची संधी मिळते. रस्त्यात, दुकानात, बाजारात, फार काय प्रार्थनामंदिरातदेखील त्याच्याशी कोणी बोलू नये. त्याला एकटे सोडावे. हात उगारायचा नाही, परंतु हात द्यायचाही नाही, असा त्या उपदेशाचा अर्थ होता.

ह्या उपदेशाची कसोटी अवघ्या काही दिवसांत लागली. मेयो परगण्यात लॉक मास्क नावाचे एक सरोवर आहे. त्याच्या काठी लॉर्ड अर्न ह्या जमीनदाराची जमीन होती. तिचा कारभारी होता चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट. त्याचा जन्म १८३२ साली इंग्लंडमधील नॉर्फोक परगण्यात झाला. तरुणपणी काही काळ तो सैन्यात होता; त्यामुळे लोक त्याला कॅप्टन बॉयकॉट म्हणत. मूळचे त्याचे आडनाव 'बॉयकॅट' असे होते. त्याच्या लहानपणी, १८४१ साली, त्याच्या घराण्याने ते बदलून 'बॉयकॉट' असे केले. त्या वेळी हा बदल झाला नसता, तर आजचा शब्दही निराळा झाला असता!

बॉयकॉट हा क्रूर होता असे नव्हे. पण तो हेकट व कडक शिस्तीचा होता. कोणी फाटक उघडे टाकले, कोणाच्या कोंबड्या त्याच्या आवारात शिरल्या, की तो दंड करी. रानातील लाकूडफाटा वेचण्याची कुळांची जुनी सवलत त्याने काढून घेतली होती. १८८० साली पीक वाईट असल्याने लॉर्ड अर्नने खंडात शेकडा १० सूट देऊ केली. कुळांनी शेकडा २५ सूट मागितली. ती नाकारण्यात आली आणि बॉयकॉटने अकरा कुळांवर बेदखलीच्या नोटिसा काढल्या.

२२ सप्टेंबर रोजी पोलिसांच्या संरक्षणात बेलीफ नोटिसा बजावण्यास निघाला. तीन नोटिसा बजावून झाल्या. चौथ्या घरच्या बाईने नोटीस घेण्याचे नाकारले आणि तांबडे फडके हलवून शेजारणींना इशारा दिला. चहूकडून बायका धावून आल्या. त्यांनी चिखल, शेण व दगड यांचा असा काही मारा केला, की बेलीफ व पोलीस यांना बॉयकॉटच्या घराचा आसरा घ्यावा लागला. दुसऱ्या दिवशी मोठा जमाव बॉयकॉटच्या घराशी आला आणि त्याने तेथील नोकरचाकरांना काम सोडण्याचे आवाहन केले. संध्याकाळपर्यंत घरातील आचारी, मोलकरणी, शेतावरील मजूर, तबेल्यातील मोतद्दार, सारे निघून गेले.

मग बॉयकॉटच्या कुटुंबाला एकटेपणा म्हणजे काय ते कळू लागले. लोहार घोड्यांना नाल ठोकीना. परटीण कपडे घेईना. जवळच्या बॅलिनरोब गावचे दुकानदार पैसे देऊनही जिन्नस देईनात. टपाल आणणाऱ्या पोराने येण्याचे बंद केले. घरातल्या एका तरुण पुतण्याने ते काम पत्करले, तर त्यालाही वाटेत अडवून धमकावण्यात आले. गाईंचे दूध काढणे, घोड्यांना दाणावैरण घालणे, स्वयंपाकपाणी करणे, ही सारी कामे घरच्या मंडळींवर पडली. शेतात बटाटे, सलगम व धान्य उभे होते, परंतु ते काढावयास एकही मजूर मिळेना. अखेर बॉयकॉटने आपली हकीकत लंडनच्या 'टाइम्स' पत्राकडे लिहून पाठवली. ते पत्र १८ ऑक्टोबर १८८० रोजी छापले गेले आणि साऱ्या इंग्लंडचे लक्ष त्या आडगावाकडे वळले.

बॉयकॉटच्या साहाय्यार्थ वर्गणी गोळा झाली. उत्तरेकडील कॅव्हन व मोनाघन ह्या परगण्यांतून पन्नास स्वयंसेवक पीक काढण्यासाठी निघाले. त्यांच्या संरक्षणासाठी सरकारने सुमारे एक हजार शिपाई व पोलीस पाठवले. आगगाडीतून उतरल्यावर त्यांना वाहन देण्यास कोणी तयार नव्हते. भर पावसात ते पायीच चालत गेले. गावचे धर्मगुरू फादर जॉन ओमॅली यांनी लोकांना शांत राहण्याचा निक्षून उपदेश केला होता. त्यामुळे मोठा दंगा असा झालाच नाही. दोन आठवडे शिपायांच्या पहाऱ्यात बटाटे व सलगम खणून काढण्याचे काम चालले. काढलेल्या पिकाची किंमत सुमारे ५०० पौंड आणि ते काढण्यासाठी झालेला खर्च १०,००० पौंडांहून कमी नाही, असा हिशेब निघाला! प्रत्येक सलगमामागे सरकारला एक शिलिंग खर्च आला, असा टोला पार्नेल यांनी मारला.

२७ नोव्हेंबर रोजी बॉयकॉट कुटुंबासह तेथून निघाला. त्याने गाडी भाड्याने घेतली होती, परंतु ती हाकण्यास एकही गाडीवान मिळाला नाही. शेवटी सैन्याच्या रुग्णवाहू गाडीत बसून त्याला गाव सोडावे लागले. गोळी न झाडता सामान्य कुळांनी एका बलाढ्य व्यवस्थेला नमवले होते. पुढच्याच वर्षी, १८८१ साली, इंग्लंडच्या संसदेने नवा जमीन कायदा केला आणि वाजवी खंड ठरवून घेण्याचा हक्क आयरिश कुळांस मिळाला.

ह्या प्रकाराला नाव काय द्यावे, हा प्रश्न त्याच वेळी निघाला. जेम्स रेडपाथ नावाचे एक अमेरिकन वार्ताहर तेव्हा मेयोमध्ये होते. त्यांनी सांगितलेली हकीकत अशी : फादर ओमॅली यांच्याकडे जेवताना त्यांना योग्य शब्द सुचेना. इंग्रजीत 'ऑस्ट्रसाइझ' असा एक जुना शब्द होता. प्राचीन काळी ग्रीस देशातील अथेन्स नगरीत नको असलेल्या पुढाऱ्याचे नाव नागरिक खापरीवर लिहीत. पुरेशा खापऱ्या पडल्या की त्याला दहा वर्षे नगराबाहेर राहावे लागे. त्या खापरीला ग्रीक भाषेत 'ऑस्ट्राकॉन' म्हणत, त्यावरून हा शब्द आला. परंतु असला पंडिती शब्द खेड्यातील शेतकऱ्यांना कसा कळणार? फादर ओमॅली यांनी क्षणभर विचार केला आणि 'बॉयकॉट करणे' असे म्हटले तर कसे, असे सुचवले. रेडपाथना ते तत्काळ पटले.

शब्द सोपा होता, ताजा होता, आणि त्यामागची गोष्ट सर्वांच्या तोंडी होती. नोव्हेंबर १८८० मध्ये 'टाइम्स' पत्रानेही तो क्रियापद म्हणून छापला. थोड्याच काळात फ्रेंच, जर्मन, डच, रशियन अशा भाषांनी तो उचलला. पुढे तो जपानी भाषेतही गेला. जो माणूस एका खेड्यात एकटा पडला, त्याचे नाव जगभर पसरले! १८८१ साली बॉयकॉट अमेरिकेस गेला, तेव्हा त्याने प्रवासासाठी आपले आडनाव गाळून 'चार्ल्स कनिंगहॅम' एवढेच नाव घेतले होते, यावरून त्या नावाचे ओझे त्याला किती झाले असावे याची कल्पना येते. १८९७ साली इंग्लंडमधील सफोक परगण्यात त्याचा मृत्यू झाला. माणूस गेला, शब्द मात्र राहिला.

शब्द नवा असला, तरी ती कृती नवी नव्हती. आयर्लंडमधील ह्या घटनेच्या सहा वर्षे आधी, १८७४ च्या डिसेंबरात, पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात करडे ह्या गावी असाच प्रकार घडला होता. एका सावकाराने कर्जापायी एका देशमुखाच्या घरावर हुकूमनामा मिळवला आणि त्याचे घर पाडले. गावकरी चिडले. त्यांनी सावकारांच्या दुकानांतून माल घेण्याचे सोडले, त्यांच्या जमिनी कसण्याचे नाकारले. न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार हे बलुतेदारही त्यांचे काम करीनात. सावकार गाव सोडून तालुक्याच्या ठिकाणी निघाले, तर गाडी हाकण्यास कोणी मिळेना! मेयोमध्ये पुढे जे घडले, त्याचे हे जणू पूर्वचित्रच होय. मात्र येथे शेवट शांततेत झाला नाही. मे १८७५ मध्ये सुपे येथे व नंतर इतर गावांत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे व खतपत्रे हिसकावून जाळली. चौकशी झाली, आणि १८७९ साली दख्खनमधील शेतकऱ्यांच्या साहाय्यासाठी सरकारला कायदा करावा लागला.

'बॉयकॉट' हा शब्द पुढे भारताच्या राजकारणात आला तो १९०५ साली. बंगालच्या फाळणीच्या निषेधार्थ ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्याच्या सभेत विलायती मालावर बहिष्कार घालण्याचा ठराव झाला. महाराष्ट्रात लोकमान्य टिळकांनी त्या चळवळीचा जोराने पुरस्कार केला; त्याच वर्षी पुण्यात परदेशी कापडाची होळी पेटली. १९०६ साली दादाभाई नौरोजी यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काँग्रेसने स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री मान्य केली. अशा रीतीने आयर्लंडमधील एका कारभाऱ्याचे आडनाव भारताच्या स्वातंत्र्यलढ्यातील एक सूत्र होऊन बसले.

मराठीत त्यासाठी वापरलेला 'बहिष्कार' हा शब्द मात्र जुना आहे. संस्कृतमधील 'बहिस्' म्हणजे बाहेर; बाहेर करणे तो बहिष्कार. ह्याच अर्थाने खेड्यापाड्यांत 'वाळीत टाकणे' असे म्हणत. ह्या शब्दांमागील इतिहास मात्र दुःखाचा आहे. जातीचा एखादा नियम मोडला म्हणून कुटुंबेच्या कुटुंबे वाळीत पडत. आणि समाजातील कित्येकांना तर कोणताही नियम न मोडता, केवळ जन्मामुळे, गावकुसाबाहेर राहावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली स्थापन केलेल्या संस्थेला 'बहिष्कृत हितकारिणी सभा' आणि १९२७ साली काढलेल्या पाक्षिकाला 'बहिष्कृत भारत' अशी नावे दिली, ती ह्याच वेदनेतून. अस्पृश्य मानलेल्यांनी पाण्यावरचा किंवा रस्त्यावरचा आपला हक्क सांगितला, की गाव त्यांना काम देईनासे होई, दुकानदार धान्य विकीनासा होई. सामाजिक बहिष्कार हा कायद्याने गुन्हा ठरवावा, अशी मागणी बाबासाहेबांनी १९४७ साली संविधानासाठी सादर केलेल्या निवेदनात केली होती. त्यानंतरही गावकी व जातपंचायती यांनी माणसांना वाळीत टाकण्याचे प्रकार थांबले नाहीत. अखेर महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला व तो २०१७ साली अमलात आला. त्यानुसार अशा बहिष्काराबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

म्हणजे एकाच शब्दाच्या दोन बाजू दिसतात. १ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेतील मंगमरी शहरात रोझा पार्क्स ह्या कृष्णवर्णीय स्त्रीने बसमधील आपली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडण्याचे नाकारले आणि तिला अटक झाली. तेव्हा तेथील कृष्णवर्णीय जनतेने मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली त्या बसगाड्यांवर बहिष्कार घातला. ३८१ दिवस मोलकरणी, मजूर व विद्यार्थी मैल न्‌ मैल पायी चालले. परंतु बसमध्ये चढले नाहीत. शेवटी बसमधील भेदभाव कायद्याने बंद झाला. येथे दुर्बळांनी स्वतः कष्ट सोसून अन्यायाशी असलेले सहकार्य तोडले. वाळीत टाकण्यात मात्र बळकट समूह एका एकट्या कुटुंबाचे अन्नपाणी तोडतो. कृती वरवर सारखीच. परंतु ती कोण करतो, कोणाविरुद्ध करतो आणि कशासाठी करतो, यावर तिची योग्यता ठरते.

शब्द हे हत्यारासारखे असतात. सुरीने भाकरीचा तुकडाही पाडता येतो आणि कोणाला जखमही करता येते. वर्गातील चारजणांनी मिळून एखाद्या मुलाशी न बोलण्याचे ठरवले, तर त्यालाही मुले हसत हसत 'बॉयकॉट' म्हणतात. त्या वेळी सरोवराकाठचे ते मोठे घर आठवावे. न बोलणाऱ्यांच्या बाजूला मेयोच्या कुळांवरील अन्यायासारखा काही अन्याय आहे काय, की नुसतेच संख्येचे बळ आहे? हा प्रश्न ज्याने स्वतःला विचारला, त्याला ह्या शब्दाचा खरा अर्थ कळला असे म्हणावयास हरकत नाही.

अभ्यास

१. 'बॉयकॉट' हा शब्द कसा तयार झाला, ते थोडक्यात सांगा.
२. एनिसच्या सभेत पार्नेल यांनी लोकांना कोणता मार्ग सांगितला? तो त्यांना अधिक चांगला का वाटला?
३. करडे येथील घटना व मेयोमधील घटना यांतील साम्य आणि फरक लिहा.
४. 'एकाच शब्दाच्या दोन बाजू दिसतात.' हे विधान पाठातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
५. माणसांच्या किंवा गावांच्या नावांवरून आलेले आणखी चार शब्द शोधा व त्यांच्या कथा मिळवून वर्गात सांगा.